सा व्यॅं दू? गावातल्या लहान पोरांना खाण्यापिण्याचं फ्रेंच कसं शिकवावं

पहिल्या वर्षी मी जे केलं ते तुम्ही करू नका. पुण्याला नोकरीत असताना फ्रेंच शिकले होते. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले तेव्हा वाटलं, संध्याकाळी अंगणात पोट्टे गोळा होतातच, तर त्यांना थोडं फ्रेंच शिकवू. ऑनलाइन छापील चित्रांचा संच मागवला. त्यात क्रॉसाँ, 'बागेत' नावाचा लांब फ्रेंच पाव, चार प्रकारचं चीज, नासपती आणि स्ट्रॉबेरी. पोरं पोपटासारखं म्हणत आणि दुसऱ्या दिवशी विसरत. शेवटी दुसरीतल्या एका पोरीनं विचारलं, "ताई, हे सारं तुमी खाल्लं काय?" निम्म्या चित्रांबद्दल माझं उत्तर "नाही" असंच होतं. संच कपाटात गेला.

दुसऱ्या वर्षी उलटीकडून सुरुवात केली. दूध कुठून येतं, फल्ली (भुईमुगाची शेंग) कुठं लागते, तूर कधी सोंगतात हे या पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दूध डब्यातून येतं असं समजणारी शहरातली पोरं नाहीत ही, गाईचं नाव सांगणारी आहेत. म्हणजे माहिती शिकवायचीच नाही. वस्तू हातात, माहिती डोक्यात, फक्त आवाज नवा. पुढं जे लिहिते आहे ते सारं या एका गोष्टीवर उभं आहे. वय चार ते आठ धरलं आहे, म्हणजे अंगणवाडी ते तिसरी.

सुरुवात केव्हा करायची

दिवाळीनंतर. जूनमध्ये शाळा उघडते म्हणून तेव्हा वर्ग काढावासा वाटतो, पण पावसाळ्यात गावात दाखवायला असतं काय? चिखल आणि निंदण. दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री तोडायला येतात, तुरीला शेंगा धरतात, मग हरभरा, गहू, सोले (तुरीचे ओले दाणे), हुरडा. मार्चपर्यंत दर आठवड्याला हातात ठेवायला नवीन काहीतरी मिळतंच. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी अर्धा तास. त्याहून जास्त केलं तर पोरं पळतात, आणि पळावीच.

आधी तुमचं स्वतःचं तोंड

लहान पोरं जशी ऐकतात तशीच बोलतात, त्यामुळे तुमची चूक त्यांच्या तोंडात कायमची बसते. मी वर्षभर अनेक अंड्यांनाही शेवटी 'फ' लावून शिकवत होते. एक अंडं म्हणजे 'लफ', पण अंडी म्हटली की तो 'फ' गिळायचा असतो. आज मोठी झालेली तीन पोरं अजून माझ्यासारखंच चुकीचं बोलतात. म्हणून शब्द वर्गात नेण्याआधी फोनवर फ्रेंच माणसाच्या आवाजात पाच-सहादा ऐका.

मराठी माणसाला तीन आवाज जड जातात. त्यांचे उपाय असे:

'स्युक्र' (साखर) यातला 'यु' खरं तर 'यु' नाही. तोंडात 'ई' म्हणत राहायचं आणि ओठ मात्र 'ऊ'सारखे गोल करायचे. पोरांना सांगा, "आत ई, भाईर ऊ." दोन मिनिटांत जमतं, मोठ्यांना दोन महिने लागतात.

'र' जिभेच्या टोकाचा नाही, घशातला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करताना जी घरघर होते तिची धाकटी बहीण समजा. पहिल्या दिवशी खरंच पाणी देऊन गुळण्या करायला लावल्या, तेव्हा सारं अंगण ओलं झालं, पण 'र' आला.

'ज'च्या घराण्यातला एक आवाज आपल्याकडे नाही. मराठीत 'बाजार'मधला ज वेगळा आणि 'जीव'मधला वेगळा. फ्रेंचमध्ये 'झेम' (मला आवडतं) म्हणताना यातला एकही चालत नाही. 'श' म्हणत राहायचं आणि मधेच गळ्यातून आवाज सोडायचा. या लेखात तो मी 'झ' असा लिहिला आहे, पण 'झाड'मधला झ म्हणू नका.

नाकातले स्वर आपल्याला सोपे. पाव म्हणजे 'पॅं', शेत म्हणजे 'शाँ'. फक्त शेवटी न किंवा म वाजता कामा नये.

लेखी फ्रेंच या वयात दाखवूच नका. शेवटची कितीतरी अक्षरं लिहितात पण बोलत नाहीत. इंग्रजी थोडं वाचणाऱ्या पोराला फ्रेंच पाव लिहून दाखवलात तर ते 'पेन' म्हणणार, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ दुखणं. तसंच फ्रेंच 'रेझँ' म्हणजे द्राक्षं, मनुका नव्हे. मनुका हव्या तर 'रेझँ सेक', वाळलेली द्राक्षं. इंग्रजीच्या खांद्यावर चढून फ्रेंचकडे जाऊ नका, मराठीतूनच थेट जा.

ल आणि ला

फ्रेंच शब्द कधीही एकटा शिकवायचा नाही. 'ले' नव्हे, 'ल ले' (दूध). 'वाश' नव्हे, 'ला वाश' (गाय). 'ल' पुल्लिंगी, 'ला' स्त्रीलिंगी. इथं आपली पोरं इंग्रजी घरात वाढलेल्या पोरांच्या पुढं असतात, कारण निर्जीव वस्तूलाही लिंग असतं हे त्यांना नवं नाही. तो भात, ती भाकर, ते दूध. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, एवढंच. मात्र आपलं लिंग तिकडं लागू होत नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. आपलं ते गाजर, त्यांची ती 'ला कारोत'. आपलं ते मीठ, त्यांचा तो 'ल सेल'.

मी कार्डं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर बनवते. गावात पत्रिकांना तोटा नाही. 'ल'च्या कार्डाला पिवळा दोरा, 'ला'च्या कार्डाला हिरवा. निळा-गुलाबी मुद्दाम टाळला, त्यानं पोरापोरींमध्ये भलतीच भांडणं लागतात. शब्दाच्या सुरुवातीलाच स्वर असला की 'ल' त्याला चिकटतो आणि लिंग कानाला कळत नाही, उदाहरणार्थ 'लो' (पाणी) किंवा 'लोन्यों' (कांदा). तिथं दोरा पाहायचा. पाणी हिरवं, कांदा पिवळा.

पहिला आठवडा: गोठा

पाच शब्द, एक प्रश्न, एक उत्तर. बस.

ला वाश (गाय), ला शेव्र (शेळी), ला पूल (कोंबडी), ल ले (दूध), लफ (अंडं).

प्रश्न: "सा व्यॅं दू?" म्हणजे हे कुठून येतं? उत्तर: "सा व्यॅं द ला वाश", गाईपासून येतं.

वर्ग गोठ्यातच घ्या. दुधाची चरवी हातात धरून विचारा. उत्तर म्हणताना पोरानं गाईला हात लावायचा. आमच्याकडे एकानं शेळीला हात लावून 'ला वाश' म्हटलं, बाकीचे ओरडले, "नाई नाई, ला शेव्र!" त्या ओरडण्यानं जे काम झालं ते माझ्या दहा कार्डांनी झालं नसतं. होकाराला 'वी', नकाराला 'नों' हेही इथंच येऊन जातं. आपल्या 'हाव'च्या जागी 'वी' इतक्या पटकन बसतो की आठवड्याभरात पोरं घरी आईलाही 'वी' म्हणू लागतात. आया तक्रार करतात, ती ऐकून घ्या.

दुसरा आणि तिसरा आठवडा: वर, खाली

माझ्या मते सगळ्यात रस इथं आहे. दोन वाक्यं:

"सा पूस स्युर लार्ब्र", झाडावर लागतं.
"सा पूस सू ला तेर", जमिनीखाली लागतं.

'स्युर' म्हणजे वर आणि 'सू' म्हणजे खाली. आवाज इतके जवळचे की हाताशिवाय शिकवूच नका. 'स्युर' म्हणताना टाचा उंच करून हात वर, 'सू' म्हणताना बसून हात जमिनीला.

टोपलीत खऱ्या वस्तू ठेवा. आलू म्हणजे 'ला पॉम द तेर', शब्दशः जमिनीतलं सफरचंद. हे सांगितल्यावर पोरं आधी हसतात, मग कांद्याला जमिनीतलं काय म्हणतात ते विचारतात. गाजर ला कारोत, पेरू ला गोयाव, चिंच ल तामारँ, सीताफळ 'ला पॉम कानेल', म्हणजे दालचिनी-सफरचंद. फ्रेंचांनी सफरचंदाला कुठं कुठं नेऊन बसवलं आहे पाहा. हळद 'ल क्युर्क्युमा'. आमच्या जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे हळकुंडाचं कार्ड न काढता हळकुंडच आणलं.

कांदा वर की खाली, यावरून वाद होतो. अर्धा कांदा वर दिसतोच ना. वाद होऊ द्या, पण फ्रेंचमध्ये: "सू!" "नों, स्युर!" फल्लीवर तर मोठी माणसंही बसून बोलायला लागतात. भुईमुगाचं फूल वर, त्यातून निघालेल्या आऱ्या खाली जातात आणि शेंग जमिनीत. फल्लीदाणा म्हणजे 'ला काकावेत'. हा शब्द पोरांना इतका आवडतो की त्याला शिकवावं लागत नाही, थांबवावं लागतं.

झाडही नाही आणि जमिनीखालीही नाही, अशांना तिसरं वाक्य: "सा व्यॅं द्यु शाँ", शेतातून येतं. गहू ल ब्ले, मका ल माइस (इथं शेवटचा स वाजतो), ज्वारी ल सोर्गो, धान किंवा तांदूळ ल री, हरभरा 'ल प्वा शीश'. तुरीला फ्रेंचमध्ये 'ल प्वा दांगोल' म्हणतात, म्हणजे अंगोलाचा वाटाणा. तूर मुळात भारतातली. तिथून ती आफ्रिकेत गेली आणि फ्रेंचांना पुढच्या वाटेवर भेटली, म्हणून नाव अंगोलाचं. पोरांना एवढंच सांगा की आपली तूर फार दूर फिरून आली.

संत्र्याची भानगड

विदर्भात फ्रेंच शिकवणाऱ्या प्रत्येकाचा इथं पाय घसरतो, माझाही घसरला. फोनला 'संत्रं' विचारलं तर तो 'लोराँझ' सांगतो. पण फ्रान्समध्ये 'लोराँझ' म्हटलं की जाड, घट्ट सालीचं फळ डोळ्यांसमोर येतं, आपल्या मोसंबीच्या जवळचं. आपलं नागपुरी संत्रं, 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, बोटांनी सोलता येतं, फोडी सुट्या होतात. फ्रेंचमध्ये ते 'ला मांदारीन'च्या घरचं. म्हणून संत्र्याला ला मांदारीन, मोसंबीला लोराँझ. दोन्ही फळं सोलायला द्या, फरक बोटांना कळतो.

लिंबाचंही तसंच. आपलं कागदी लिंबू म्हणजे 'ल सित्रों वेर', हिरवं लिंबू, पिकून पिवळं झालं तरी. नुसतं 'ल सित्रों' म्हणजे त्यांचं मोठं पिवळं लिंबू.

पण 'ओराँझ' हा शब्द सोडून देऊ नका, त्यात गंमत आहे. संस्कृत नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, तिथून युरोप आणि मग ओराँझ. आपल्या नारिंगी रंगाचाच हा भाऊ. साखरही तशीच: शर्करा, अरबी सुक्कर, फ्रेंच स्युक्र. आणि वांगं! वांग्याला फ्रेंचमध्ये 'लोबेर्झीन' म्हणतात. त्याची वाट स्पेनकडून अरबी 'बादिंजान'कडं, तिथून फारसीकडं आणि शेवटी संस्कृत 'वातिंगण'कडं जाते. आपलं 'वांगं' त्याच कुळातलं. सातवी-आठवीतलं एखादं मोठं पोरगं वर्गात येऊन बसलं असेल तर हे त्याला सांगा. धाकट्यांना नुसतं वांगं हातात द्या आणि 'लोबेर्झीन' म्हणू द्या.

साखळी

चौथ्या-पाचव्या आठवड्यात एका गोष्टीपासून दुसरी कशी होते ते घ्या. ल ब्ले, ला फारीन (पीठ), ल पॅं (पाव). पण घरात पाव होत नाही, पोळी होते. पोळीला पोळीच म्हणायचं. 'सपाट पाव' वगैरे शब्द शोधत बसू नका. फ्रेंचांनी त्यांच्या 'बागेत' पावाला दुसऱ्या भाषेत नाव शोधलं नाही. त्या लांब पावाची कला आणि संस्कृती 2022 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली ती त्याच नावानं.

वर्ग गिरणीत न्या. गहू ओतताना 'ल ब्ले', पीठ पडताना 'ला फारीन'. आवाज इतका असतो की ओरडावंच लागतं, आणि ओरडून म्हटलेला शब्द पक्का बसतो. गिरणीवाल्या काकांना आधी सांगून ठेवा.

दुधाची साखळी: ल ले, मग 'ल याउर्त'. दुकानात मिळणारं त्यांचं दही असतं ते. पुढं 'ल बर' म्हणजे लोणी. चीज म्हणजे 'ल फ्रोमाझ' शेवटी सांगा, एखाद्यानं पिझ्झ्याचं नाव काढलं की.

बाजार

आठवडी बाजार आमच्याकडे शुक्रवारी भरतो. त्याआधी दोन दिवस अंगणात खोटा बाजार लावा. गोणपाट, तराजू, खरा भाजीपाला. शब्द थोडेच: 'बोंझुर', 'अँ किलो द तोमात, सिल वू प्ले', 'मेर्सी'. एक ते पाच आकडे इथंच येतात. 'सिल वू प्ले'शिवाय माल द्यायचा नाही हा नियम दुकानदार झालेली पोरंच करतात, आणि ती फार कडक असतात. टमाटर तोमात म्हणजे सोपं, मिरची 'ल पिमाँ', लसूण 'लाय'. सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, 'ला कोरियाँद्र'.

आवडनिवड इथंच घ्या: 'झेम सा' (मला आवडतं), 'झ नेम पा सा' (नाही आवडत). फ्रेंच पोरं मस्त लागलं की 'म्याम' म्हणतात आणि नकोसं झालं की 'बर्क'. हे दोन शब्द शिकवले की तुमचा वर्ग तुमच्या हातात राहत नाही. मी 'बर्क' शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवते.

एक गोष्ट मात्र कधीच विचारू नका: "काल घरी काय खाल्लं?" फ्रेंचच्या पुस्तकांत हा प्रश्न हमखास असतो. गावात एक पोरगं चटणी-भाकर सांगतं, दुसरं मटण, तिसरं गप्प बसतं. कोणाच्या घरी काय शिजतं, काय शिजत नाही आणि का, हे वर्गात उघडं पडायला नको. 'ला व्यांद' (मांस) हा शब्द मी कार्डात ठेवते, पण 'झेम' की 'झ नेम पा' हे फक्त समोर टोपलीत असलेल्या वस्तूबद्दलच विचारते. टोपली सगळ्यांची असते.

आता फ्रान्स

तीन महिने झाले की मग कपाटातला तो संच काढा. आता पोरांकडे विचारायला प्रश्न असतो: सा व्यॅं दू? क्रॉसाँ कशापासून? ल ब्ले, ला फारीन, ल बर. तिकडची पोरं शाळेतून आल्यावर चारच्या सुमारास जे खातात त्याला 'ल गुते' म्हणतात. आपला दुपारचा च्या-बिस्कीट तोच.

आलूची गोष्ट इथं सांगा. फ्रान्समध्ये लोक आलू खायला तयार नव्हते, जनावरांचं खाणं समजत. अंत्वान पारमाँत्ये नावाच्या औषधशास्त्रज्ञानं प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या कैदेत आलू खाल्ले आणि परत येऊन फ्रान्सभर त्यांचा प्रचार केला. असं सांगतात की पॅरिसजवळच्या शेतावर त्यानं दिवसा पहारा बसवला आणि रात्री उठवला. लोकांना वाटलं, एवढा पहारा म्हणजे माल भारी असणार, आणि त्यांनी रात्री आलू चोरले. ही गोष्ट आमच्या पोरांनी नाटक करून दाखवली. पहारेकरी व्हायला कोणी तयार नव्हतं, सगळ्यांना चोर व्हायचं होतं.

मॉरिशसही नकाशावर दाखवा. तिथं मराठी घराणी आहेत, फ्रेंच चालतं आणि रस्त्यावर डाळपुरी विकतात. "म्हंजे फ्रेंचमध्येबी पुरी हाय?" असं एकानं विचारलं. वी.

किती लक्षात राहिलं हे कसं पाहायचं

परीक्षा नको. टोपलीवर टॉवेल टाकायचा, पोरानं आत हात घालून वस्तू ओळखायची आणि 'ल' किंवा 'ला' लावून नाव सांगायचं. 'ल'-'ला' विसरलं तर वस्तू परत टोपलीत. आठवड्याला सहा-सात नवे शब्द पुरे, आणि त्याच टोपलीत मागच्या आठवड्यातल्या चार वस्तू हव्यातच. मोठ्या सुट्टीनंतर निम्मं गळतं. घाबरू नका, गोठ्यात नेलं की परत येतं.

पालक विचारतीलच, "ताई, इंग्रजीच येत नाई तं फ्रेंच काऊन?" मला याचं मोठं उत्तर सुचलेलं नाही. मी त्यांना त्या दिवशीचा वर्ग पाहायला बसवते. एकदा एका आजोबांना नातवानं विळा हातात असतानाच अडवलं आणि तुरीची शेंग दाखवून विचारलं, "सा व्यॅं दू?" आजोबा म्हणाले, "आपल्या वावरातून, अजून कुठून?" पोरगं म्हणालं, "नाई आबा, द्यु शाँ म्हणा."

एप्रिल-मेच्या उन्हात वर्ग बंद ठेवा. अगदीच पोरं आली तर सकाळी सात वाजता आंब्याखाली बसा. ला मांग म्हणजे आंबा, ला मांग वेर्त म्हणजे कैरी. मीठ-तिखट लावून ती खाताना जे तोंड होतं, त्यावर 'म्याम' म्हणायचं की 'बर्क', ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.